पोलिसाची भीती

आमच्या पोलीस लाईनीतल्या आयांची एक मोठी अडचण होती. बाकी सगळ्या कोल्हापुरात पोरगं जेवत नसलं, झोपत नसलं की "थांब, पोलिसाला बोलवू का?" एवढं म्हटलं की काम होतं, पोरगं गपगुमान घास गिळतं. आमच्याकडं ते चालायचंच नाही. कारण पोलीस रोज रात्री साडेनऊला आपणहून घरी यायचा, दारात बूट काढायचा, मोज्यांचा वास दोन्ही खोल्यांत पसरायचा आणि तो आईला म्हणायचा, "भाकरी टाक पटदिशी, परत नाईटला जायाचंय." असल्या पोलिसाला कोण भिणार? शेवटी आमच्या आईनं सुईवाल्या डॉक्टरवर भागवलं.

पप्पा शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. मधली ३६ वर्षं म्हणजे नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचा बंदोबस्त, गणपतीत महाद्वार रोड, पावसाळ्यात पुराचं पाणी, इलेक्शन, मोर्चे, व्हीआयपी. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही हे बाहेरच्यांना कौतुकाचं वाटतं, आम्हाला तिचा अर्थ एवढाच की पप्पा परवा येणार आणि आल्यावर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या बसल्या झोपणार. आई त्यांच्या पायावर मीठ टाकायची आणि मी बेल्टच्या बक्कलला ब्रासो लावायची. हे माझं आवडतं काम, कारण त्यात स्वतःचं तोंड दिसायचं, जरा चपटं आणि पिवळं.

मी वाचायला लागले ती पण पप्पांमुळंच, म्हणजे त्यांच्या ट्रंकेमुळं. कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात वर जुनी रेशनकार्डं नि लग्नपत्रिका, आणि तळाशी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चळत, कव्हरं गेलेली, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळं मला बरीच वर्षं वाटायचं की पुस्तकात खून नेहमी आधीच झालेला असतो, आपण नंतर पोचतो. (पोलिसाच्या नोकरीची याहून बरी व्याख्या मला अजून सुचलेली नाही.) अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं आमच्या आधीच्या पिढीत कुणासमोरही घ्या, डोळे चमकतात. पप्पांनी ती पुस्तकं नवीन नोकरीत, गार्ड ड्युटीला, रात्रीच्या दोन-दोन वाजता वाचली होती. मी वाचताना दिसले की ते शेजारी बसायचे, पुस्तक हातातून घ्यायचे, दहा-बारा पानं झरझर उलटायचे आणि विचारायचे, "ह्यात पंचनामा कुठाय?"

मी म्हणायची, पप्पा, गोष्ट आहे ती.

"व्हय, पण खून झालाय न्हवं? मग पंच कोण? माणूस मेलाय आणि ह्यो नुसता सिगरेट पेटवून खिडकीतनं बाहीर बघालाय. मुद्देमाल कुणाच्या ताब्यात हाय?"

तेव्हा हसायची मी. नंतर कळलं की तो टीकेचा फार नेमका मुद्दा होता. जुन्या डिटेक्टिव्ह गोष्टींत पोलीस हा माणूस नसतो, ती एक सोय असते. हुशार माणूस वेगळा, आणि त्याच्या हुशारीला उजेड यावा म्हणून शेजारी एक मठ्ठ वर्दीवाला. शेरलॉक होम्स १८८७ साली पहिल्यांदा छापून आला तेव्हापासूनच त्याच्या बाजूला स्कॉटलंड यार्डचा लेस्ट्रेड उभा आहे, बिचारा चुकीच्या माणसाला पकडायलाच जन्माला आल्यासारखा. मी आठवीत असताना होम्सचं मराठी भाषांतर वाचलं आणि मला लेस्ट्रेडचा इतका राग... राग नाही, कळवळा आला की विचारू नका. त्याला पण घरी पोरगी असेल, ती पण त्याच्या बक्कलला ब्रासो लावत असेल, आणि हा बेकर स्ट्रीटवर जाऊन पुन्हा पुन्हा अपमान करून घेतोय.

आणि शेवटी काय, तर कबुली. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, एकेकाचं सांगत यायचं आणि गुन्हेगार म्हणतो हो मीच केला. पप्पांना हे वाचून दाखवलं की त्यांना खरोखर हसू आवरायचं नाही. कारण आपल्याकडं पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ सालच्या पुरावा कायद्याचं कलम २५, इंग्रजांनी केलेलं, आणि १ जुलै २०२४ पासून सगळे कायदे नवीन आले, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, तरी हा नियम काही हलला नाही. पप्पा म्हणायचे, कायद्याचाच आमच्यावर विश्वास न्हाई तर लोकांचा कशाला असंल. हे ते तक्रार म्हणून नाही सांगायचे. का विश्वास नाही ते त्यांना कुणी सांगायला नको होतं, ठाण्याच्या मागच्या खोल्यांतून काय चालतं हे बाहेरच्यापेक्षा आतल्याला जास्त ठाऊक असतं.

पप्पांना गुंडांची भीती वाटलेली मी कधी बघितली नाही. म्हणजे वाटत असेलही, पण घरी आणली नाही. त्यांना भीती वाटायची कोर्टाची. साक्ष असली की आदल्या दिवसापासून पोटात कालवाकालव. गुन्हा सहा वर्षांपूर्वीचा, मधल्या काळात तीन ठाणी बदललेली, आणि वकील विचारणार की त्या रात्री खांबावरची लाईट चालू होती की बंद. मग आमच्या स्वयंपाकघरात उलटतपास व्हायचा. आई वकील. हातात लाटणं, पदर खोचलेला, कपाळाला पीठ. पप्पा फळीला टेकून उभे, हात मागं.

"तुम्ही घटनास्थळी किती वाजता पोचला?"

"साडेअकरा."

"डायरीत तर अकरा चाळीस लिहिलंय."

"ते... ते नोंद करतानाचं हाय."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलताय!" आई लाटणं आपटायची आणि पप्पांचा चेहरा खरंच पडायचा. मी आणि दादा खो खो हसायचो. आता आठवलं की वाटतं, सहा फुटी माणूस, बायकोच्या लाटण्यापुढं घाम फुटलेला, आणि आम्हाला ती करमणूक वाटली होती.

एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण माझं सगळं वाचन तिथं अडकलेलं आहे असं मला कधीकधी वाटतं.

मी नववीत असेन. पंचगंगेच्या काठाला, घाटापासून बरंच पुढं, एका माणसाचं प्रेत मिळालं. पप्पा पहाटे गेले ते रात्रभर सीपीआर हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर बसून दुसऱ्या दिवशी सकाळी आले, कारण नातेवाईक लांबनं यायचे होते आणि तोवर कुणीतरी थांबायला लागतं. आले ते घरात शिरलेच नाहीत, दारातल्या नळाखाली कपड्यासकट बसले. आईनं काही विचारलं नाही. संध्याकाळी चहा पिताना आपलं आपणच बोलायला लागले. काठावर चपलांचा जोड होता. पंचनाम्याची भाषा तुम्हाला माहीत असेल, सापडला म्हणत नाहीत, 'मिळून आला' म्हणतात. तर चामडी कोल्हापुरी चपलांचा वापरलेला जोड मिळून आला, तळ झिजलेले, टाचेला एक खिळा वर आलेला, आणि उजव्या चपलेचा अंगठा नवीन घातलेला.

अंगठा म्हणजे कोल्हापुरी चपलेत पायाचा अंगठा जातो ती चामड्याची वाटोळी. बाकी चप्पल काळपट झालेली आणि ती एवढीच कोरी, पिवळसर, मेण लावलेला दोरा अजून चकचकीत. पप्पांनी ते पंचनाम्यात लिहिलं. वरचे म्हणाले, एवढं बारकं कशाला लिवतोस, अकस्मात मयत आहे. पप्पांनी तरी ते खोडलं नाही.

"ज्यानं मनात काय ठरवलंय," पप्पा कपाकडं बघत म्हणाले, "त्यो चपलेला अंगठा कशाला घालून घेईल?"

मी अर्नाळकर पचवलेली. मी ताडकन उठले. पप्पा, म्हणजे खून! हा क्लू आहे! पुस्तकात असता तर इथून पुढं दीडशे पानं झाली असती, चांभार सापडला असता, चांभारानं सांगितलं असतं की बरोबर एक उंच माणूस होता, काळी छत्री होती. पप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तसं काय न्हाई गं." नातेवाईक आले, त्यांनी ओळखलं, कर्ज होतं, घरात वाद होता, अंगावर जखम नव्हती, डॉक्टरांचा रिपोर्ट आला, कागद वर गेले आणि रजिस्टर मिटलं. झालं. ना खुनी, ना कटकारस्थान. पप्पांचं स्वतःचं पण मत तेच होतं. माणूस सकाळी चप्पल शिवून घेतो आणि दुपारी त्याचं मन बदलतं, किंवा पाय घसरतो, कुणाला काय ठाऊक. पण तो अंगठा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुस्तकातला धागा कुठंतरी नेऊन पोचवतो. हा नुसताच राहिला, पायात अडकल्यासारखा.

मोठी झाल्यावर, नोकरीला लागल्यावर, मोबाईलवर इंग्रजी भाषांतरं वाचायचा नाद लागला तेव्हा मला पहिल्यांदा पप्पांसारखे पोलीस भेटले, आणि भेटले कुठं, तर स्वीडनमध्ये. तिकडच्या एका जोडप्यानं, नवराबायकोसारखं राहणाऱ्या दोन पत्रकारांनी, १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक नावाच्या पोलिसावर बरोबर दहा कादंबऱ्या लिहिल्या. हा बेक सतत सर्दीनं बेजार, पोट बिघडलेलं, घरी बायकोशी पटत नाही, आणि तपास म्हणजे महिनोन्महिने काहीच न होणं. मला वाचताना इतका आनंद झाला! काहीच होत नाहीये! फोनची वाट बघतायत! कागद शोधतायत! त्यांच्यानंतर हेनिंग मांकेलचा कुर्त वालँडर, इस्टाड नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावातला. पहिली कादंबरी १९९१ ची. हा वालँडर वेळेवर जेवत नाही, झोपत नाही, कपडे धुवायचे राहतात, पुढं त्याला डायबेटीस होतो. आणि वालँडर घाबरतो. एकटा गाडीत बसून घाबरतो, गुन्हेगाराला नाही तर आपल्याला यातलं काही कळत नाहीये, जग आपल्या हातातून गेलंय, याला घाबरतो.

मी पप्पांना सांगितलं. म्हटलं, "पप्पा, सांगतो ऐका, तिकडं एक पोलीस आहे." (आम्ही कोल्हापूरच्या पोरी घरात असंच बोलतो, 'सांगतो', 'येतो', 'जातो', लेखात सुधारून लिहितो इतकंच.)

"शुगर किती हाय त्येची?" पप्पांचा पहिला प्रश्न.

म्हटलं पुस्तकात आकडा लक्षात नाही राहिला.

"बंदोबस्ताला काय खातोय? वडापाव?"

"बर्गर आणि कॉफी."

"मग हुणारच." आणि थोड्या वेळानं, "साप्ताहिक सुट्टी मिळती का त्येला?"

वालँडरच्या वडिलांची एक गंमत आहे. म्हातारा चित्रकार, पण आयुष्यभर एकच चित्र काढत आलेला. तोच देखावा, तोच संध्याकाळचा प्रकाश, फरक एवढाच की काही चित्रांत एक रानपक्षी असतो आणि काहींत नसतो. पप्पांना हे फार आवडलं. गालात हसत म्हणाले, "मी बी एकच रिपोर्ट लिवला की जन्मभर. कधी त्यात आरोपी हाय, कधी न्हाई."

आता ती आरोपी नसण्याची गोष्ट.

मी बारावीला होते, २००८ साल. पप्पा एका कच्च्या कैद्याला कोर्टाच्या तारखांना ने-आण करायचे. गोष्टींमध्ये शेवटी बेड्या खट्कन वाजतात ना, तसं आपल्याकडं तेव्हा सर्रास करता येत नव्हतं. सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच सांगितलंय की बेडी ही माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे, उगाच घालायची नाही, घालायची तर कारण दाखवा, परवानगी घ्या. निकाल बरोबरच आहे, मला त्यावर काही बोलायचं नाही. पण त्याचा प्रत्यक्षात अर्थ असा की पोलीस आरोपीचा हात धरून चालतो. बोटांत बोटं अडकवून, जत्रेत लहान पोराला धरतात तसं. तुम्ही कोर्टाबाहेर बघितलं असेल, दोन पुरुष हातात हात घालून रस्ता क्रॉस करतायत. पप्पा एकदा म्हणाले होते की त्या गड्याचा हात मी चार महिन्यांत जेवढा धरला तेवढा माझ्या पोरांचा धरला नसंल. त्याला तंबाखू लागायची, पप्पा द्यायचे. त्याला बारकी मुलगी होती, तिचं तो सांगायचा.

एका तारखेला परत येताना स्टँडच्या गर्दीत त्यानं तो हात सोडवला आणि गेला. बरोबरचा शिपाई पाण्याची बाटली घ्यायला दोन पावलं मागं राहिला होता. पप्पा गल्ल्यागल्ल्यांतून पळाले, एक बूट गेला, गुडघा फुटला. रात्री घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी निलंबनाची ऑर्डर आली.

तो गडी अकराव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्याच टीमला मिळाला, त्यांचा सत्कार झाला. पप्पांची खातेनिहाय चौकशी सुरू राहिली. चौकशीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचे, हात कसा सुटला? याचं उत्तर काय द्यायचं? हात सुटतो. लेखी उत्तरात पप्पांनी तीन पानं लिहिली आणि तिन्ही पानांत मिळून एवढंच होतं.

पगार निम्मा झाला, म्हणजे त्याला पगार म्हणत नाहीत, निर्वाह भत्ता म्हणतात, आणि तो मिळायला दर महिन्याला लिहून द्यायला लागतं की मी दुसरीकडं कुठं नोकरीधंदा करत नाही. माझा क्लास बंद झाला. आईनं चपात्यांच्या ऑर्डर घ्यायला सुरुवात केली, ती पण स्वतःच्या बहिणीच्या नावावर, कागदाचा लफडा नको म्हणून. पण या सगळ्यापेक्षा वाईट होती ती हजेरी. निलंबित माणसानं सकाळी आणि संध्याकाळी मुख्यालयात जाऊन सही करायची, मी आहे, कुठं गेलो नाही. वर्दी नाही, साधी पँट-शर्ट. पप्पा लाईनीतल्या पुढच्या रस्त्यानं जायचे नाहीत, एम-एटी गाडी बंद ठेवून मागच्या बोळातून ढकलत न्यायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर किक मारायचे. आम्ही घरात बसून त्या किकेची वाट बघायचो.

त्याच वर्षी मी करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणत होते. क्लास नाही, मैत्रिणींकडं जायची लाज, मग वाचनालय. १८५० सालची संस्था ही, तिथल्या कपाटांपुढं उभं राहिलं की आपलं दुःख आपोआप बारीक होतं, निदान तेव्हा व्हायचं. तिथं मला लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' मिळालं. १९८७ साली आलेलं, दुसऱ्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं. लातूरकडचा एक मुलगा, ज्याची जमातच चोर म्हणून कागदावर लिहिलेली, आणि त्याच्या घरावर कधीही, रात्री-अपरात्री पडणारी पोलिसांची धाड. मी ते पुस्तक केमिस्ट्रीच्या गाईडखाली लपवून वाचलं. पप्पांना दिसू नये म्हणून. कारण त्यात जो भीती घेऊन दारात येतो तो खाकीतला माणूस आहे, आणि खाकी तर आमच्या खुंटीला टांगलेली होती, त्या दिवसांत तर नुसती टांगलेलीच होती.

शाळेत मराठीच्या बाईंनी षष्ठी विभक्ती शिकवताना सांगितलेलं की चा-ची-चे नं मालकी कळते. मग 'पोलिसाची भीती' यात भीतीचा मालक कोण? पोलिसाला वाटते तो, की पोलिसामुळं वाटते तो? मी तेव्हा वर्गात विचारलं नव्हतं, सुचलंच नव्हतं. उचल्या वाचताना सुचलं, कारण माझ्या एका बाजूला पुस्तकातली भीती होती आणि दुसऱ्या बाजूला बोळातून गाडी ढकलणारे पप्पा.

पुस्तक त्यांना सापडलंच. पोलिसाच्या घरात काय लपणार. काही बोलले नाहीत. दोन हजेऱ्यांच्या मधल्या वेळेत, चार दिवस, दारातल्या पायरीवर बसून वाचलं. पंचनामा कुठाय असं या वेळी विचारलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक माझ्या हातात दिलं, चष्मा काढून शर्टाला पुसला, पुसतच राहिले.

"मी नवीन लागल्तो," ते म्हणाले, "तवा एका पालावर गेल्तो. पहाटेचं. चोरीचा माल हुडकायला. भांडी उपडी केली, गोधड्या झटकल्या, मिळालं काय न्हाई. एक बारकं पोरगं हुतं, असंल सात-आठ वर्षांचं. माझ्याकडं नुसतं बघत हुतं. मी काय केलं न्हाई त्येला, हात बी लावला न्हाई. तर ते हुबं हुतं तितंच, चड्डीत मुतलं."

मी गप्प.

"आणि मी हसलो गं. सगळेच हसलो."

मग ते उठले आणि संध्याकाळच्या सहीला गेले. त्या दिवशी गाडी पुढच्या रस्त्यानं नेली की मागच्या, हे मी बघितलं नाही.

नंतर मी वाचनालयातच शोधून शोधून बाकीचं वाचलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा गेला थेट १९५२ साली. शिक्का मात्र गेला नाही, चोरी झाली की पहिली गाडी अजून पालाकडंच वळते. आणि त्या माणसांच्या आयुष्यातला रोजचा शब्द कोणता, तर हजेरी. मी आहे, कुठं गेलो नाही, हे रोज कुणापुढं तरी जाऊन सांगायचं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. महार, मांग, रामोशी, बेरड यांना द्यायला लागणारी. मी हे पप्पांना वाचून दाखवलं. ते कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा हसले. "महाराजांनी बंद केली," म्हणाले, "आणि नव्वद वर्षांनी मी द्यालोय बघ."

पण दोन्ही हजेऱ्या सारख्या नव्हत्या, हे मी इथं लिहून ठेवते, नाहीतर हा लेख फार गोड होईल. पप्पांची हजेरी सात महिन्यांत संपली. एक वेतनवाढ थांबवली, परत वर्दी चढली, गल्लीत पेढे वाटले. त्या पोराची हजेरी कुठं संपली असेल मला माहीत नाही, पप्पांनाही नाही, आणि त्याच्या मनातल्या गोष्टीत माझे पप्पा हे एक हसणारं तोंड आहेत, बस. तो कधी लिहायला लागला तर तेवढंच लिहील आणि त्याचं बरोबरच असेल.

म्हणून मला आता बिनघोर पोलिसांच्या गोष्टी वाचवत नाहीत. स्लो मोशनमध्ये चालत येणारा, गॉगलवाला, कोर्टात कशाला न्यायचं इथंच उडवू म्हणणारा, आणि त्यावर टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यातल्या एकाही माणसाच्या घरात पहाटे गोधड्या झटकल्या गेलेल्या नसतात. मला घाबरणारा पोलीस वाचायचा असतो, आणि त्याला घाबरणारा माणूस पण त्याच पानावर पाहिजे असतो. अशी पानं कमी आहेत, स्वीडनमध्ये काही आहेत, लातूरकडची काही आहेत. मराठीत पोलिसांनी लिहिलेल्या आठवणी येतात, बहुतेक मोठ्या साहेबांच्या, त्यात पकडलेले फार असतात आणि निसटलेले फार कमी. शवागाराबाहेर रात्रभर बसलेल्या शिपायानं काही लिहिलेलं माझ्या हाताला अजून लागलेलं नाही. पप्पांना म्हटलं तुम्ही लिवा. म्हणाले, पंच कोण?

रिटायर झाल्यापासून ते रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, शुगरसाठी. मागच्या महिन्यात त्यांच्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला, उजव्याच. मी म्हटलं नवीन घेऊया, तळ पण झिजलेत. नको म्हणाले. मग पापाच्या तिकटीजवळ छत्रीखाली एक म्हातारा चांभार बसतो त्याच्याकडं गेलो. त्यानं जुना अंगठा आरीनं कापून टाकला, नवीन चामड्याची पट्टी पाण्यात भिजवली, वळवली, दोऱ्याला मेण चोळलं. पप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, गुडघा दुखतो तरी.

"ह्यो अंगठा कोण कोण घालून घेतं?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं वर बघितलं. काय विचारताय कळलं नसावं त्याला. "ज्येचा तुटतोय त्यो," म्हणाला.

पप्पांनी मान हलवली. वीस रुपये दिले. चप्पल पायात घातली, दोन पावलं टाकून बघितली, आणि परत काढून तो कोरा अंगठा बोटानं चाचपत बसले. मागं एक बाई तुटलेली सँडल घेऊन थांबली होती, तिनं विचारलं, झालं का तुमचं काका?